गोचीड एका गोठ्याची नसते

गाळपाचा हंगाम सुरू होतो, तोडणीच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या पडतात आणि गावात एक वाक्य हमखास ऐकू येते : "टोळीच्या बैलांनी गोचीड आणली." सभासद बंधू-भगिनींनो, हे वाक्य आम्हीही पुष्कळदा बोललो आहोत. गेल्या पावसाळ्यापासून मात्र ते बोलण्याची आमची हिंमत होत नाही.

कारण सांगतो. ऐन श्रावणात आमच्यापैकी एकाच्या गोठ्यातली संकरित गाय गेली. ताप १०६ च्या घरात, खांद्यापुढची गाठ सुजून लिंबाएवढी झालेली, वैरणीला तोंड लावेना. दोन दिवस आम्ही "हवा बदलली" म्हणून काढे पाजत बसलो. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि थायलेरिया म्हणाले. म्हणजे गोचीडताप. त्यावर इंजेक्शन आहे, पण ते लवकर द्यावे लागते. आम्ही उशीर केला. गाय गेल्यावर गोठ्याच्या भिंतीचा पोपडा काढून पाहिला, तर आत गोचिडींची रांगच्या रांग. त्या वेळी गावात एकही टोळी नव्हती, एकही कोपी नव्हती.

खरी गोम इथेच आहे. जनावराच्या अंगावर दिसते ती गोचीड थोडी. बाकीची असते भिंतीच्या फटीत, गव्हाणीखाली, पाचटाच्या ढिगात. मादी रक्त पिऊन टम्म फुगली की खाली पडते आणि आडोशाला जाऊन दोन-तीन हजार अंडी घालते. आपण बैलाला औषध लावतो, चार दिवस बरे वाटते, मग फटीतली नवी फौज चढते. मग आपण म्हणतो, औषध भेसळीचे !

पिसवांचेही तसेच. आमच्या एका सभासदाची मुलगी अंजनवेलला दिली आहे. मागच्या मे महिन्यात आम्ही चौघे-पाचजण गुहागरला व्याडेश्वराच्या दर्शनाला गेलो, तेव्हा तिच्याकडे उतरलो. टाळकेश्वर, गोपाळगड पाहून आलो आणि तिच्या सासरचे वर्षभर बंद असलेले जुने घर उघडून पडवीत बसलो. पाच मिनिटांत गुडघ्यापर्यंत पिसवा ! आम्ही घाबरलो, घरची म्हातारी मात्र हसायला लागली. घर बंद, पण पडवीत कुत्री-मांजरे मोकळी. त्यांच्या अंगावरून पडलेली अंडी धुळीत वाढतात आणि पिसू कोशात महिनेन् महिने दबा धरून बसते. माणसाच्या पावलांचा हादरा आणि अंगाची ऊब लागली की बाहेर. म्हातारीने सगळी पोती, गोधड्या उन्हात टाकल्या, चादरी कढत पाण्यात घातल्या, कोपऱ्यांतली धूळ झाडून काढून जाळली. दोन आठवडे रोज झाडावे लागते, म्हणाली. एका दिवसात उरकणारे काम नव्हे.

हा केवळ खाजेचा प्रश्न नाही. उंदरांच्या पिसवांनी प्लेग पसरतो, हे १८९८ साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले. गोचिडीचे उदाहरण तर आपल्या कोकणातलेच आहे. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडे मेली, माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी विषाणू शोधला, तो गोचिडीतून येणारा निघाला. तोच माकडताप २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्गच्या काजूबागांपर्यंत आला. २०११ साली गुजरातेत साणंदजवळ गोचिडीच्याच दुसऱ्या एका तापाने एक बाई दगावली आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिकाही गेल्या. म्हणून नखांवर गोचीड चिरडायची आपली जुनी सवय सोडली पाहिजे. विडीचा चटका नको, रॉकेल नको. चिमट्याने कातडीलगत धरावी, सरळ ओढावी, साबणाच्या पाण्यात टाकावी, हात धुवावेत. नंतर ताप आला तर डॉक्टरांना "गोचीड चावली होती" हे आधी सांगावे.

औषधाच्या बाबतीत आपण उसवाले जरा जास्तच धीट. उसावर मारून उरलेले कीटकनाशक बैलाला, कुत्र्याला चोळणारे महाभाग आमच्या माहितीत आहेत. बैल चाटतो, तोंडाला फेस येतो, आणि मग धावाधाव. पूर्वी गोठ्यात उधळायचे ते गॅमेक्सिन १९९७ साली बंद झाले, तरी जुना डबा कुणाच्या माळ्यावर असेल तर तो बाहेर काढूच नका. जनावराचे औषध पशुवैद्यकाला विचारून, सांगितल्या मापानेच. दुभत्या जनावराचे दूध किती दिवस डेअरीला घालायचे नाही, तेही विचारून घ्यावे. आणि कुत्र्याचे औषध मांजराला लावू नये. पर्मेथ्रिन असेल तर मांजर मरते.

आता आमचे म्हणणे. एकट्याने गोठा कितीही स्वच्छ केला तरी शेजारच्या गोठ्यातून, गायरानातून गोचीड परत येते. पाण्याची पाळी आपण ठरवून घेतो, मग गोचिडीचा दिवस का ठरवू नये ? गट कार्यालयाने तारीख जाहीर करावी. त्या दिवशी साऱ्या गावाने फटी लिंपाव्यात, चुना मारावा, जनावरांना औषध लावावे आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेच करावे. कोप्यांवरचे बैल आणि कुत्री यांत धरलीच पाहिजेत, आणि त्यांचा खर्च कारखान्याने उचलावा. गाडीवानाचा बैल आपलाच ऊस ओढतो. त्याची मुले त्याच कोपीत कुत्र्याला कुशीत घेऊन निजतात, आणि मुलाला ताप आला तर त्याचा बुडालेला रोज कुणी भरून देत नाही.

काही संचालक म्हणतील, हे काम साखर कारखान्याचे नव्हे. पण ऊसविकासाला पैसा आहे, आणि बैल लंगडला की फडात ऊस वाळतो. येत्या वार्षिक सभेत आम्ही ठराव मांडणार आहोत. सूचक आहे, अनुमोदक हवा. सभेच्या आधी ज्यांना शक्य असेल त्यांनी आपल्या गोठ्याच्या भिंतीचा एक पोपडा काढून पाहावा आणि आत काय दिसले ते गट कार्यालयात कळवावे.