नंबर सगळ्यांनी बघितला, धूर कोणीच नाही

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण घरात जुनी गाडी असेल, तिचं इंजिन कधी बदललं असेल किंवा ती दुसऱ्या राज्यातून आणली असेल, तर शेवटपर्यंत वाचा. माझे सात महिने गेले, तुमचे जाऊ नयेत.

माझी गाडी २०१२ ची, डिझेल, केए पासिंग. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ती दारातच बुडाली. पाणी ओसरल्यावर मी शहाणपणा केला आणि सेल्फ मारला. इंजिनात पाणी गेलेलं असताना ते फिरवायचं नसतं, हे आता कळतंय. रॉड वाकले, ब्लॉक फुटला. विमा फक्त थर्ड पार्टीचा, म्हणजे तिकडून काही मिळणार नव्हतं. नवं इंजिन घेण्याची ऐपत नव्हती. मिस्त्रींनी भंगार बाजारातून त्याच मॉडेलचं जुनं इंजिन आणलं. पुण्याकडे अपघातात गेलेल्या गाडीचं आहे म्हणाले. चार दिवसांत गाडी सुरू. बिल म्हणजे कोऱ्या कागदावर एक आकडा आणि खाली सही. मी खूश, मिस्त्री खूश. आरसीवर जुन्याच इंजिनाचा नंबर राहिला, हे डोक्यातच आलं नाही.

इथे चूक माझी आहे, ती आधीच कबूल करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सरळ सांगतं की आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा असेल तर आरटीओची परवानगी आधी घ्यायची, आणि बदल केल्यावर चौदा दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. बेकायदा बदलाला २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मिस्त्रींनाही नव्हतं, किंवा असेल तर ते बोलले नाहीत.

आता पुढचं ऐका.

त्यानंतर चार वर्षं मी दर सहा महिन्यांनी पीयूसी काढत होतो. बीएस ३ गाडी असल्याने सहा महिन्यांचीच मिळते, बीएस ४ आणि पुढच्या गाड्यांना वर्षाची मिळते. एकदाही अडचण आली नाही. नंबर प्लेटचा फोटो, पैसे, कागद हातात. एका ठिकाणी तर मी गाडीतून उतरलोही नाही आणि नळी सायलेन्सरपर्यंत पोचलीही नाही. सेंटरचं नाव घेत नाही, कारण तुम्हीही असं एखादं सेंटर ओळखताच.

जून २०२१ पासून पीयूसीचा नमुना देशभर एकच झाला. त्यावर क्यूआर कोड असतो आणि इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे छापलेले असतात. माझ्याही कागदावर होते. पण ते आकडे गाडीवरून घेतलेले नसतात. सेंटरवाला गाडीचा नंबर टाकतो आणि बाकीचं सगळं सरकारी नोंदीतून आपोआप येतं. म्हणजे माझ्या पीयूसीवर पुरात मेलेल्या इंजिनाचे आकडे होते. भंगारात वितळून गेलेलं इंजिन दर सहा महिन्यांनी प्रदूषण चाचणी पास होत होतं!

२०२३ मध्ये बायकोच्या नोकरीमुळे आम्ही सीमेच्या अलीकडे महाराष्ट्रात राहायला आलो. गाव सांगत नाही, मुद्दा एका कार्यालयाचा नाही. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो, हे कलम ४७. म्हणून मी रीतसर एनओसी आणली आणि गाडी तपासणीला नेली. निरीक्षकांनी चेसिस नंबरवर पेन्सिल फिरवून ठसा घेतला, तो जुळला. मग बॉनेट उघडून टॉर्च मारला, इंजिन नंबर पुसून वाचला आणि मान हलवली. "हे इंजिन या गाडीचं नाही."

त्यांचं बरोबर होतं. चोरीच्या गाड्यांची इंजिनं अशीच फिरतात. त्यांनी नियमाप्रमाणे काम केलं, माझा त्यांच्यावर राग नाही.

राग येतो तो पुढच्या सात महिन्यांचा. इकडचं कार्यालय म्हणतं, बदलाची नोंद मूळ राज्यात करा. तिकडचं म्हणतं, एनओसी दिली, आता गाडी आमची नाही. इंजिन कुठून आलं त्याचा पुरावा द्या. कोऱ्या कागदावरची सही पुरावा होत नाही, आणि ते बरोबरच आहे. ते इंजिन चोरीचं नाही असा पोलिसांचा दाखला आणा. त्यासाठी इंजिन ज्या गाडीचं होतं तिचा नंबर पाहिजे. तो मिळवायला भंगारवाल्याकडे तीन चकरा. तोवर केए नंबर बघून रस्त्यात दर वेळी गाडी बाजूला घ्यायला लावणार, ते वेगळंच. एक एजंट म्हणाला, "साहेब, नंबर घासून जुना पंच करून देतो, दोन दिवसांचं काम." खोटं वाटेल, पण त्या क्षणी मोह झाला होता. तसं करणं सरळ गुन्हा आहे. सरळ वाटेला सात महिने आणि गुन्ह्याला दोन दिवस लागत असतील, तर लोक कुठली वाट धरतील ते तुम्हीच सांगा.

शेवटी नोंद झाली, एमएच नंबर मिळाला. पण या सगळ्या प्रकरणात एक गोष्ट झाली नाही. बदललेलं इंजिन किती धूर सोडतं, हे कोणीही विचारलं नाही. जुनी पीयूसी मुदतीत होती, ती फाइलला लागली. विषय संपला.

माझ्यासाठी मात्र संपला नाही. मुलीला शाळेत सोडताना एकदा गाडी चढाला लावली होती. निघताना अ‍ॅक्सिलरेटर दिला आणि मागे काळा लोट. फाटकात उभ्या असलेल्या पोरांनी नाकाला रुमाल लावले. माझी पोरगी त्यांच्यातच होती. त्या दिवशी मी ओळखीच्या एका मिस्त्रीकडे जाऊन खरी चाचणी करून घेतली: इंजिन तापवून, गाडी न्यूट्रलमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर पुन्हा पुन्हा पूर्ण दाबून. रीडिंग आलं १.९.

हा आकडा चांगला की वाईट? इथेच खरी गंमत आहे. बीएस ३ आणि त्याआधीच्या डिझेल गाडीला मर्यादा २.४५ ची, म्हणजे मी पास. बीएस ४ ला मर्यादा १.६२, म्हणजे नापास. माझी गाडी कागदावर बीएस ३. पण आत बसलेलं इंजिन पुण्याचं. देशभर बीएस ४ आलं एप्रिल २०१७ ला, पण मुंबई, पुणे आणि सोलापूर धरून तेरा शहरांत ते २०१० पासूनच होतं. म्हणजे जास्त स्वच्छ चालण्यासाठी बनवलेलं इंजिन माझ्याकडे आलं, आणि इथे येऊन जुन्या इंजिनासारखं धूर ओकत होतं.

कारण बॉनेट उघडल्यावर कळलं. बसवताना पहिल्या मिस्त्रींनी ईजीआरच्या वाटेत पत्रा टाकला होता. "कटकट नको, पिकअप पण वाढतो," असं तेव्हा म्हणाले होते आणि मी मान डोलावली होती. शिवाय इंजेक्टर माझ्या जुन्या गाडीचेच, गळके. ईजीआर म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवायची सोय. त्याने आतलं तापमान कमी राहतं आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी तयार होतात. इंजेक्टर बदलल्यावर काळा धूर गेला. पण ईजीआर बंदच ठेवला असता तरी पीयूसीत कधीच सापडलं नसतं, कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा दाटपणा मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. हा वायू डोळ्याला दिसत नाही, छातीत मात्र जातो. मी तो पत्रा काढून घेतला. किती जणांनी काढलाय?

माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात असतो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, इथे इंजिन बदललेली गाडी दुसऱ्या राज्यातून आणलीस तर नेहमीच्या तपासणी केंद्रावर भागत नाही, रेफरीकडे जावं लागतं. तिथला नियम मला आवडला. इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं पाहिजे, आणि त्या इंजिनासोबत कंपनीने जी प्रदूषण रोखणारी साधनं दिली होती ती सगळीच्या सगळी जागेवर पाहिजेत. रेफरी ती एकेक बघतो आणि पास झाल्यावर गाडीला तसं लेबल लावतो. पुढच्या तपासण्या त्या लेबलनुसार होतात. तिथेही लोक वैतागतात, खर्च होतो, हौशी मंडळी शिव्या घालतात. पण तिथे प्रश्न असतो की हे इंजिन हवेत काय सोडतंय. आपल्याकडे प्रश्न असतो की याचा नंबर काय. नंबर बघायलाच हवा. पण फक्त नंबर बघून फुप्फुसं वाचत नाहीत.

कोणी म्हणेल, गरीब टेम्पोवाल्याने काय करायचं? जुनं इंजिन टाकणं हीच त्याची सोय आहे. मान्य, शंभर टक्के मान्य. माझीही तीच सोय होती. म्हणूनच सरळ मार्ग स्वस्त आणि सोपा पाहिजे. आज नोंद करायला गेलेला माणूस सात महिने फिरतो आणि न करणारा आरामात पीयूसी काढतो. अशाने पुढचा माणूस काय शिकेल?

कोणी म्हणेल, कारखान्यांच्या धुराचं काय, रस्त्याच्या धुळीचं काय? त्यावरही लिहू. पण शाळेच्या फाटकात पोरांच्या तोंडावर जो धूर येतो, तो आपल्या गाडीचा असतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक, इंजिन बदलण्याच्या नोंदीसाठी ऑनलाइन अर्ज, कागदांची एकच ठरलेली यादी आणि निकालाची ठरलेली मुदत. गाडी राज्य बदलत असेल तर कोणत्या कार्यालयाने नोंद करायची हे स्पष्ट लिहा. माणसाला चेंडूसारखं इकडून तिकडे टोलवू नका.

दोन, आरसीवर इंजिन नंबर बदलताना ते इंजिन कोणत्या बीएसचं आहे हेही लिहा, आणि त्याच वेळी खरी चाचणी घ्या. राज्य बदलून येणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीचीही.

तीन, स्क्रॅपिंग सेंटर असो की भंगार बाजार, जुनं इंजिन विकताना ते कोणत्या गाडीचं होतं तो नंबर बिलावर सक्तीचा करा. चोरीचा माल तिथेच अडकेल आणि प्रामाणिक गिऱ्हाईक पोलीस ठाण्याच्या चकरांतून सुटेल.

चार, पीयूसीत नापास झालेल्या गाडीला रिजेक्शन स्लिप द्यायची तरतूद २०२१ पासून आहे. प्रत्येक सेंटरने महिन्याला अशा किती स्लिपा दिल्या ते जाहीर करा. ज्या सेंटरवर वर्षभरात एकही गाडी नापास होत नाही, त्या सेंटरचीच चाचणी घ्या.

ज्यांनी इंजिन बदललंय किंवा बदलणार आहेत त्यांच्यासाठी: आधी परवानगी घ्या. पक्कं बिल घ्या आणि त्यावर मूळ गाडीचा नंबर लिहून घ्या. जुनं इंजिन भंगारात दिल्याची पावती जपून ठेवा. विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर उद्या अपघात झाला तर नंबर जुळत नाही म्हणून क्लेम अडकेल. आणि राज्य सोडायचं असेल तर एनओसी मागायच्या आधी आरसी दुरुस्त करून घ्या. हा क्रम मी उलटा केला आणि तिथेच फसलो. मिस्त्री ईजीआर बंद करू का विचारतील, तेव्हा नाही म्हणा. पिकअपमध्ये फार फरक पडत नाही, मी दोन्ही प्रकारे चालवून बघितलीय.

आता एकच विचारतो. तुमच्यापैकी कोणाला आजपर्यंत पीयूसीची रिजेक्शन स्लिप मिळालीय का? मिळाली असेल तर खाली लिहा. मला अजून तरी असा एकही माणूस भेटलेला नाही.