सर्व्हरची किल्ली कोणाच्या कमरेला?

शेंद्र्यात २०१९ साली ‘ऑरिक’ या स्मार्ट शहराच्या इमारतीचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी बचत गटांच्या महिलांचा मेळावाही भरला. स्मार्ट म्हणजे झटपट. पण बाईला झटपटपणाआधी भरवसा लागतो. गटाचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर जातात, त्याची मालक एकच कंपनी, मेटा. मॅस्टोडॉनसारख्या विकेंद्रित जाळ्याला असा एक मालक नाही. म्हणून ते आपले झाले? तिथेही सर्व्हर चालवणाऱ्याने मनात आणले तर खासगी निरोप वाचता येतो. गावेही विखुरलेलीच होती, सत्ता मात्र पाटलाच्या वाड्यात! मारहाणीची हकिगत सांगणाऱ्या बाईने मग कोणावर विसंबावे?

मैत्रिणींनो, गटात आपण हिशेब सगळ्यांसमोर वाचतो, पदे आळीपाळीने घेतो. सर्व्हर चालवणाऱ्यालाही हाच नियम हवा. नाहीतर विकेंद्रीकरण म्हणजे एका मालकाऐवजी शंभर मालक!