जुना पिकअप विकताना भाव कोणता सांगावा?

रावेत, किवळे, पुनावळे या पट्ट्यात दुकानदारी करणाऱ्या अनेकांच्या दारात आज एक जुना पिकअप 'विकणे आहे' अशी पाटी लावून उभा आहे. मालक तीन लाख सांगतो, गिऱ्हाईक दोन म्हणते, आणि सहा महिन्यांनी गाडी तिथेच असते. लोक मंदीला बोल लावतात. आमचे मत असे की, यात मंदीपेक्षा सांगितलेल्या भावाचा दोष अधिक आहे.

आम्ही कापडवाले. भिवंडी-मालेगावहून आणलेला तागा दोन हंगाम फळीवर पडून राहिला, तर आम्ही खरेदीचे बिल काढून बसत नाही; आज पेठेत त्याला कोण काय देतो ते पाहतो आणि मोकळे होतो. गाडीच्या बाबतीत मात्र हीच माणसे हिशेब उलटा करतात. घेतली एवढ्याला, इंजिनाचे काम एवढ्याचे, हौदा नवा केला, म्हणून भाव एवढा! त्या खर्चावर आपण इतकी वर्षे धंदा केला, तो वसूल झाला. नव्या मालकाने तो पुन्हा का द्यावा?

दुसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात आलेली नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरणारच. तरीही शेजाऱ्याने त्याआधी विकलेल्या गाडीचा आकडा पुढे केला जातो.

तर भाव काढावा कसा? समजा, त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, एमएच-14 पासिंगच्या तीन-चार गाड्या अडीच लाखांच्या आसपास गेल्या. गेल्या म्हणजे पैसे हातात आले, नुसत्या सांगितलेल्या नव्हेत. आपल्या गाडीचे टायर गोटे झाले असतील तर 25 हजार वजा. पासिंग जवळ आले असून पत्र्याचे काम निघत असेल तर आणखी 15 हजार. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी काढावे लागते, आणि घेणारा हे पक्के जाणतो. उरले 2 लाख 10 हजार. घासाघीस होणारच, म्हणून 2 लाख 20 हजार सांगावेत. तीन लाख ऐकून खरा गिऱ्हाईक उलटा भाव करीत नाही, तो दुसरीकडे जातो. मागे राहतो तो दलाल.

आणि हा खरा गिऱ्हाईक असतो कोण? बहुधा दुसऱ्याची गाडी चालवून कंटाळलेला ड्रायव्हर. चाकण-भोसरीच्या फेऱ्या मारून स्वतःचे काही उभे करावे म्हणून तो येतो. फायनान्सवाला आपल्या अंदाजाने गाडीची किंमत धरून कर्ज देतो. वरची रक्कम त्याला घरातून किंवा उसनवार आणावी लागते. जुन्या गाडीचे व्याजही नवीपेक्षा चढे. तेव्हा आपण वाढवलेला प्रत्येक हजार त्याच्या गळ्यात पडतो. इंजिन तेल खात असेल तर ते भावाबरोबरच सांगावे. झाकून वीस हजार जास्त घेतले, आणि दुसऱ्याच महिन्यात इंजिन उघडावे लागले, तर त्याचा हप्ता चुकतो आणि गाडी ओढून नेली जाते. अशी घरे आम्ही पाहिली आहेत.

गाडी अगदीच थकलेली असेल तर विक्रीचा हट्ट सोडावा. 2021 च्या धोरणानुसार नोंदणीकृत भंगार केंद्रात ती दिल्यास जमा प्रमाणपत्र मिळते, आणि त्यावर नव्या मालवाहू गाडीच्या वाहन करात 15 टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. भंगाराचा भाव अधिक ही सवलत, हा आपला तळ समजावा.

उभी गाडी फुकट उभी नसते, हेही धरावे. विमा चालू, बॅटरी उतरते, टायर चिरतात, आणि दोन लाख भांडवल अडकते ते वेगळेच. ईदच्या मालाला तेच भांडवल किती उपयोगी पडले असते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

सौदा ठरल्यावर फॉर्म 29 आणि 30 भरून आरटीओत नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करावा. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक. आणि दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका सौद्यात रोखीने घेता येत नाही, म्हणून पैसे बँकेतूनच घ्यावेत.