उचलीचा हिशेब आणि शाळेतील गणित

एका मजुराने रोज ३०० रुपयांप्रमाणे ६ दिवस काम केले. आधी त्याने ५०० रुपये उचल घेतली होती. तर आठवड्याअखेर त्याच्या हाती किती रुपये पडतील? चौथीच्या वर्गात हे उदाहरण घातले तर काही मुले १८०० मध्ये ५०० मिळवून २३०० असे उत्तर देण्याचा संभव आहे. दोष मुलांचा नव्हे. 'मिळाले, घेतले' म्हणजे बेरीज आणि 'दिले, उरले' म्हणजे वजाबाकी, अशी खूणगाठ त्यांना बांधून दिलेली असते. एका पायरीच्या उदाहरणात ती कशीबशी निभावते. दोन पायऱ्यांच्या उदाहरणात दगा देते.

श्रमिकांच्या मुलांना हिशेबाची बुद्धीच नसते, हा समज तर सर्वस्वी खोटा आहे. अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो प्रभृतींनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा केलेला अभ्यास २०२५ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक पायऱ्यांचे व्यवहार तोंडी व अचूक करणारी ही मुले शालेय पद्धतीच्या गणितात अडखळली. उलट, केवळ शाळेत शिकणाऱ्या मुलांना बाजारातील हिशेब साधला नाही. मुलांनी बाजारात राबावे, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. शाळेने जीवन आणि गणित यांच्यात भिंत उभी केली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ती पाडण्याचा मार्ग साधा आहे. आकडेमोडीपूर्वी मुलाने उदाहरण आपल्या बोलीत सांगावे. काय काढायचे आणि त्यासाठी आधी काय कळले पाहिजे, याचा शोध घ्यावा. शेवटी उत्तर पडताळावे. उचल घेतलेल्याला पूर्ण मजुरीहून अधिक पैसे कसे मिळतील, हा प्रश्न पडला की २३०० खोडून मूल स्वतःच १३०० लिहील. वीस उदाहरणे उरकण्यापेक्षा दोहोंची अशी चर्चा अधिक मोलाची. मात्र एकाच शिक्षकावर अनेक इयत्ता सोपविल्या, तर त्याला ही सवड मिळणार कोठून?

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात प्राथमिक शिक्षणात हिशेबाचा आग्रह धरला होता. ज्याला स्वतःचा हिशेब मांडता येत नाही, त्याचा हिशेब सावकार आणि मुकादम मांडतात, हा अनुभव अजून जुना झालेला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना बहुमत दिले आहे. कार्यकर्त्यांनी त्या पालकांना सोबत घेऊन पुरेशा शिक्षकांची मागणी करावी, आणि वर्गात मुले उत्तरामागचे कारण सांगतात काय, हेही पाहावे.