उपाशी मासा हट्टी नसतो

भोकरदनहून मुंबईचा समुद्र रस्त्याने सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. आपल्या केळना नदीचे पाणीसुद्धा पूर्णा आणि गोदावरीमार्गे पूर्वेकडच्या बंगालच्या उपसागराला जाते. मग येथल्या विद्यार्थ्याने खाऱ्या पाण्यातल्या माशाच्या भुकेचा विचार कशासाठी करावा, असे तुम्ही विचाराल.

प्रश्न रास्त आहे. पूर्वी मराठवाड्यातला विद्यार्थी मुंबईला गेला, तर १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय पाहून येई आणि समुद्री माशांशी त्याचा संबंध तेवढ्यावरच संपे. आता क्षारांचे तयार मिश्रण पिशवीतून विकत मिळते. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मिसळले की समुद्राच्या खारटपणाचे पाणी घरच्या पेटीत तयार होते. त्यामुळे समुद्र जेथे पोहोचत नाही तेथेही समुद्री मासा पोहोचू लागला आहे. तो आला की पुष्कळदा एक तक्रार ऐकू येते: ‘मासा काही खात नाही.’ त्यावर सल्लाही ठरलेला असतो: ‘दोन दिवस उपाशी ठेवा, मुकाट्याने खाईल.’

हा सल्ला चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात माशाला हट्टी ठरवून आपण विचार करण्याचे श्रम वाचवतो. मासा खात नाही ही एक नोंद आहे. तापमापीने दाखवलेल्या आकड्यावर आपण रागावत नाही, त्याचे कारण शोधतो. येथेही तेच करायला हवे.

पहिले कारण पाण्यात शोधावे. समुद्री माशाच्या रक्तातील क्षार समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी असतात. त्यामुळे परासरणाने त्याच्या शरीरातले पाणी सतत बाहेर जात असते. ती तूट भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. या कामासाठी त्याची ऊर्जा खर्च होते. त्यातच खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.८ मिलिग्रॅम. प्रवासाने दमलेला मासा कोंदट किंवा अमोनियायुक्त पाण्यात पडला, तर त्याला खाणे सुचेल कसे? अशा वेळी न खाल्लेले अन्न पेटीत तसेच राहिले, तर ते कुजून अमोनिया आणखी वाढतो. म्हणून अन्न बदलण्याआधी पाणी तपासावे आणि उरलेले अन्न लगेच काढून टाकावे.

पाणी ठीक असूनही मासा खात नसेल, तर दुसरा प्रश्न विचारावा. आपण टाकलेली वस्तू अन्न आहे, हे त्या माशाला कळते का?

येथे आपले भौतिकशास्त्र उपयोगी पडते. काचेची कांडी ग्लिसरिनमध्ये बुडवली की ती जवळजवळ दिसेनाशी होते, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले असेल. दोहोंचे अपवर्तनांक जवळजवळ सारखे असल्याने असे होते. समुद्रातले अनेक सूक्ष्म जीव असेच पारदर्शक असतात. त्यांना खाणाऱ्या माशाला त्यांचा पत्ता बहुधा त्यांच्या हालचालीवरून लागतो. अशा माशासमोर तळाशी निपचित पडलेली कोळंबी त्याच्या दृष्टीने अन्न नसून खडा असते.

सिंहमाशाचे उदाहरण घ्या. हा विषारी काट्यांचा शिकारी मासा जिवंत भक्ष्य पकडतो. मेलेला तुकडा तो पुष्कळदा दुर्लक्षितो. पण तोच तुकडा लांब काडीच्या टोकाला लावून पाण्यात हलवला की तो झडप घालतो. अन्न तेच, माशाची भूकही तीच. बदलली ती फक्त अन्नाची गती. पुढे काडी हळूहळू कमी हलवत नेली, तर तो स्थिर तुकडाही घेऊ लागतो. यात जबरदस्ती नाही, शिकवणे आहे.

समुद्रघोड्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. त्याला दात नाहीत आणि जठरही नाही. गवताला शेपटी गुंडाळून तो स्थिर राहतो, दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरवतो आणि चिमुकला जीव जवळ आला की नळीसारख्या तोंडाने काही मिलिसेकंदांत आत ओढून घेतो. जठर नसल्यामुळे अन्न साठत नाही. त्याला थोडे थोडे, पण वारंवार खावे लागते. ‘दोन दिवस उपाशी ठेवा’ हा सल्ला त्याच्या बाबतीत किती घातक आहे, हे वेगळे सांगायला नको.

अशा माशांसाठी संशोधन केंद्रांत आर्टेमिया नावाचा मिठागरातला जीव वाढवतात. त्याची सुकी अंडी सुमारे २८ अंश सेल्सिअसच्या खाऱ्या पाण्यात, हवा आणि उजेड दिला, की साधारण एका दिवसात फुटतात. निघालेली पिले अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात आणि उजेडाकडे धावतात. म्हणून पेटीच्या एका बाजूला दिवा ठेवला की ती तेथे गोळा होतात. मासा ही पिले खाऊ लागला, की त्यांत गोठवलेली बारीक कोळंबी थोडी थोडी मिसळतात आणि पाण्याच्या मंद प्रवाहाने ती हलती ठेवतात.

या पद्धतीतला खरा धडा एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा आहे. अन्न, उजेड, जागा आणि वेळ एकदम बदलले आणि मासा खाऊ लागला, तर कशामुळे खाऊ लागला हे कधीच कळणार नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे की शाळेत हा प्रयोग गप्पीसारख्या गोड्या पाण्यातल्या माशांवर करून पाहावा. एक दिवस दाणा स्थिर पाण्यात टाकावा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी हलत्या पाण्यात. मासा किती सेकंदांनी दाणा घेतो ते लिहून ठेवावे आणि असे दहा दिवस आलटूनपालटून करावे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या तालुक्यात खाऱ्या पाण्याच्या पेटीपेक्षा हे शहाणपणाचेही ठरेल.

पण सर्व उपाय करूनही काही मासे खातच नाहीत. फुलपाखरी माशांच्या काही जाती जिवंत प्रवाळाखेरीज जवळजवळ काहीच खात नाहीत. त्यांचे तोंड, त्यांची नजर, त्यांचे पचन हे सारे त्या एका अन्नाशी जुळलेले असते. त्यांच्यासमोर कितीही कोळंबी नाचवा, ते उपाशीच मरतात. त्यांच्यासाठी प्रवाळ तोडून आणायचे म्हटले, तर एका माशाच्या हौसेपायी समुद्राचे घरच मोडल्यासारखे होईल. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ सालापासून संरक्षण दिलेले आहे, ते उगीच नव्हे.

तेव्हा माझे म्हणणे असे, की माशाचे अन्न काय हे तो विकत घेण्यापूर्वी विचारावे, नंतर नव्हे. कोणाला समुद्री मासा पाळायचाच असेल, तर त्याने पेटीतच जन्मलेला विदूषक मासा निवडावा. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीची पद्धत विकसित केलेली आहे. असा मासा लहानपणापासून तयार अन्नावर वाढतो, त्यामुळे त्याची समजूत घालावी लागत नाही.

आणि ज्या माशाचे अन्न आपण देऊ शकत नाही, तो समुद्रातच राहू द्यावा. त्याच्या न खाण्याचा तोच अर्थ आहे, आणि तो समजून घेणे हेही विज्ञानच होय.