ग्रामोफोनची दुरुस्ती आणि गायिकेची पट्टी

१/ पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन दिवाणखान्यात असावा, अशी हौस अनेकांना असते. हौसेला हरकत नाही. मात्र चावी भरूनही जे यंत्र योग्य गतीने फिरत नाही, ते शोभेची वस्तू असते. इतिहासाचे साधन नव्हे. जुन्या बाजारांत मिळणारी पुष्कळ यंत्रे तर अलीकडेच जुळवलेली असतात : पेटी नवी, कर्णा नवा, मोटार कुठली तरी.

२/ १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या पिढीच्या गायकीचा कानांनी तपासता येणारा पुरावा लाखेच्या तबकड्यांतच उरला आहे. मोडी कागदातील एक अंक चुकीचा वाचला गेला, तर संशोधक अस्वस्थ होतो. तबकडी कोणत्या गतीने वाजवली, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

३/ वास्तविक ‘७८ आरपीएम’ हा आकडा सर्वमान्य व्हायला काळ जावा लागला. आरंभीच्या तबकड्यांची गती मिनिटाला ७० पासून ८० च्या पुढेपर्यंत कमी-अधिक आढळते. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली, तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी पाचमध्ये गाणारी गायिका काळी चारच्या उंबरठ्यावर पोचते. लय वाढते, तान अधिक चपळ भासते. मग ‘पूर्वीचे गाणे किती उंच पट्टीचे!’ असा निष्कर्ष निघतो. तो गायिकेचा नसून यंत्राचा असू शकतो.

४/ गती राखण्याचे काम गव्हर्नर करतो. त्याची लहान वजने फिरता फिरता बाहेर फेकली जातात, त्याबरोबर एक चकती सरकते आणि चामड्याच्या किंवा नमद्याच्या गादीला घासून वेग आवरते. ही गादी सुकली, वजनांच्या पट्ट्या वाकल्या किंवा स्प्रिंगेतले वंगण गोठले, की गाणे डळमळते. साउंडबॉक्समधील रबर कडक झाले, तर अभ्रकाची पडदी खरखरते. या दुरुस्त्या क्षुल्लक दिसतात. प्रत्यक्षात त्या साधनचिकित्सेचाच भाग आहेत.

५/ जुन्या यंत्रावर गती बदलण्याची कळ असते, ती उगीच नाही. ५० हर्ट्झच्या निऑन दिव्याखाली ७७ रेघांची कागदी चकती ठेवावी. रेघा स्थिर दिसल्या की गती ७८ च्या अगदी जवळ असते. त्यानंतर साथीची पेटी ऐकावी. ती दोन पट्ट्यांच्या मधोमध वाजत असेल, तर गतीविषयी शंका घ्यावी. (पेट्यांचे जुळवणेही सर्वत्र एकसारखे नव्हते, म्हणून ही शंकाच, निकाल नव्हे.)

६/ जुन्या यंत्राच्या प्रेमापोटी दुर्मिळ तबकडी त्यावर वारंवार वाजवणे हा मात्र अपराधच. जड साउंडबॉक्स आणि पोलादी सुई खाचा झिजवतात. म्हणूनच सुई प्रत्येक बाजूनंतर बदलायची असते. दुर्मिळ प्रतीचे अंकीकरण हलक्या विद्युत पिकअपने, योग्य मापाच्या सुईने करावे आणि निवडलेली गती फाइलसोबत लिहून ठेवावी. यंत्राचेही तसेच : काढलेला मूळ भाग फेकू नये, आणि काय बदलले, केव्हा बदलले, याची चिठ्ठी पेटीच्या तळाशी ठेवावी.