मुक्त प्रणालीचे मोल

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, किनवट व राजुरा हे त्याचे तालुके मुंबई राज्यात आले. तरी पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर मराठीचा राबता कायम राहिला. कापसाच्या आणि २०१८ साली भौगोलिक निर्देशांक लाभलेल्या ढोकरा धातुकामाच्या या मुलखातील एखाद्या तरुणाने आपला माल इंटरनेटवरून विकावयाचे ठरविले, तर त्याला आरंभीच एक निर्णय घ्यावा लागतो. ज्या सर्व्हरवर दुकान चालावयाचे, त्याची ऑपरेटिंग सिस्टीम मुक्त घ्यावी की विकतची? म्हापशाच्या काजूविक्रेत्यापुढेही हाच प्रश्न आहे.

मुक्त म्हणजे फुकट, हा समज प्रथम दूर सारला पाहिजे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सिद्ध केलेल्या लिनक्सला परवानाशुल्क नाही, हे खरे. परंतु दुरुस्त्या वेळेवर बसविण्यास, नोंदींच्या प्रती राखण्यास आणि अपरात्री बंद पडलेले दुकान पुन्हा उघडण्यास जाणता माणूस लागतो. त्याचे वेतन चुकत नाही.

मग मुक्ततेचा लाभ कोणता? डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅट कंपनीने सेंटओएस ८ चा आधार पुढील वर्षाअखेर थांबविण्याचे जाहीर केले, तेव्हा तिच्यावर विसंबलेले व्यावसायिक पेचात पडले. पण मूळ संहिता खुली असल्याने २०२१ सालीच अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स हे पर्याय उभे राहिले. विकतच्या प्रणालीत ही सोय नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, तो निर्मात्याच्या इच्छेने. त्याच वर्षीच्या जुलैत युरोपीय निर्बंधांपाठोपाठ मायक्रोसॉफ्टने मुंबईस्थित नायरा एनर्जीच्या सेवा खंडित केल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, त्यानंतर त्या पूर्ववत झाल्या. तो प्रश्न ईमेलादी सेवांचा होता, हे मान्य. परंतु किल्ली परक्याच्या हाती असली म्हणजे काय होते, याचा धडा त्यात आहे. नायराला वकील परवडले. आदिलाबादच्या तरुणाला ते परवडतील काय?

म्हणून सर्व्हरवर मुक्त प्रणाली असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. टॅलीसारख्या हिशेबाच्या कामासाठी कचेरीतील एका संगणकावर विंडोज राहिले, तर त्यात कमीपणा नाही. मात्र वाचलेले परवानाशुल्क देखभालीसाठी बाजूला काढलेच पाहिजे. ज्याला असा जाणकार मिळत नाही, त्याने देखभालीसह सर्व्हर भाड्याने घ्यावा. पण आपल्या नोंदी केव्हाही उचलून नेता येतील, अशी अट करारात लेखी घालून घ्यावी.

सरकारचेही कर्तव्य आहे. मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण केंद्राने २०१५ सालीच स्वीकारले. आता जिल्ह्याजिल्ह्यांच्या तंत्रनिकेतनांतून लिनक्स सांभाळणारे हात घडले पाहिजेत. ते नसतील, तर मुक्त प्रणालीचे स्वातंत्र्य कागदावरच राहील.